आधी ताइवो, मागून केहिंदे

मित्रांनो, सध्या मी एका भिंतीवर खिळ्याला टांगलेला आहे. अंग काळं, कडा घासून पांढुरक्या झालेल्या, उजव्या हाताच्या पकडीचं रबर सुटून लोंबतंय. मी फोटो काढायचा कॅमेरा आहे. आता काढत नाही, तो भाग वेगळा. खरं सांगू? बोलायचाही कंटाळा येतो. पण या घरात आळीतली मुलं येतात, माझ्याकडे बोट करतात, "हा इथे कशाला टांगलाय?" असं विचारतात, आणि दर वेळी कोणीतरी काहीतरी भलतंच सांगून त्यांना वाटेला लावतं. म्हणून म्हटलं, एकदा आपणच सांगून मोकळं व्हावं.

माझा जन्म दूर पूर्वेकडच्या एका कारखान्यात झाला. तिथे धुळीचा कण नव्हता. पांढरे झगे घातलेल्या, तोंडं झाकलेल्या माणसांनी मला जोडलं, पुसलं, पारखलं. माझ्या पोटात त्यांनी एक शटर बसवलं. शटर म्हणजे माझी पापणी समजा. प्रत्येक फोटोला ती एकदा उघडते आणि मिटते. तुमची पापणी तुम्हाला जन्मभर पुरते, माझी पुरत नाही. साधारण लाखभर वेळा लवली की तिचं काम झालं, पुढे चालेल तितकं नशीब. हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. ज्यांनी मला विकत घेतलं त्यांना मात्र बहुतेक ठाऊक नसायचं.

माझा पहिला मालक हॉलंडमधला, मारतेन नावाचा. दुकानातून घरी नेलं तेव्हा त्याने मला उशाशी घेऊन झोपायचं तेवढं बाकी ठेवलं होतं. काय ते कौतुक! आल्यागेल्याला दाखवायचा, मऊ फडक्याने पुसायचा. आणि कळ दाबायचा. एकदा दाबली की बोट उचलायचाच नाही. त्याच्या कुत्र्याने एक उडी मारली की माझी पापणी तीस-चाळीस वेळा फडफडायची. ताटातला मासा, खिडकीतला पाऊस, सायकल, शेजाऱ्याची सायकल, पुन्हा कुत्रा. ते फोटो तो एका डबीत भरून ठेवी आणि पुन्हा कधी उघडून बघत नसे. मित्रांनो, कामाने माणूस थकतो हे खरं, पण कोणी बघतच नाही असं काम करून तो जास्त थकतो. माझं तेच झालं. पुढे नवा कॅमेरा आला आणि मी कपाटात गेलो. कुत्राही म्हातारा झाला होता. त्याचे हजारो फोटो होते, आणि तो दाराशी एकटा झोपलेला असायचा.

मग एक दिवस मी एका खोक्यात पडलो. त्या खोक्यात इस्त्र्या होत्या, केस वाळवायची यंत्रं होती, एका पायाचे बूट होते. ते खोकं फ्रीज आणि गाद्यांनी भरलेल्या लोखंडी डब्यात गेलं, डबा जहाजावर गेला, आणि कित्येक दिवस हेलकावे खाऊन मी लागोसच्या धक्क्यावर उतरलो. तिथून हातोहात आतल्या इबादान शहरात, मुफ्ताऊ नावाच्या माणसाच्या जुन्या मालाच्या दुकानात.

इकडे समुद्रापलीकडून आलेल्या जुन्या मालाला टोकुन्बो म्हणतात. गाडी असो, फ्रीज असो, नाहीतर माझ्यासारखा कॅमेरा. मुळात हे माणसाचं नाव आहे. आईबाप परदेशी असताना जन्मलेलं आणि मग मायदेशी आणलेलं लेकरू म्हणजे टोकुन्बो. आधी नाव माणसांचं होतं, मग जुन्या गाड्या यायला लागल्या आणि ते त्यांना चिकटलं.

मुफ्ताऊ दुकानाच्या पायरीवर उभा राहून दिवसभर ओरडायचा. मी फळीवर दोन इस्त्र्यांच्या मध्ये बसून ऐकायचो. उत्तरेकडून कोरडा वारा सुटला की त्याच्याबरोबर वाळवंटाची बारीक धूळ येई आणि माझ्या भिंगावर बसे. कोणी उचलून बघे, कोणी "याच्यापेक्षा फोन बरा" म्हणून परत ठेवी. मला वाईट वाटत नसे. आता पडून राहावं, एवढंच वाटे.

एका शुक्रवारी मुफ्ताऊ असाच ओरडत होता, "टोकुन्बो! टोकुन्बो! या, बघा, एकदम स्वच्छ टोकुन्बो!"

रस्त्याने चाललेली एक बाई गर्रकन वळली. "कोण रे तो, नावाने ओरडणारा?"

मुफ्ताऊ गडबडला. "तुम्हाला नाही हो मॅडम. मालाला ओरडतोय."

"पण टोकुन्बो माझं नाव आहे."

"मग तर आत आलंच पाहिजे. तुमचंच दुकान म्हणायचं."

"शाळेत असल्यापासून ऐकतेय हे," बाई आत येत म्हणाली. "वर्गात गाडीचा हॉर्न वाजवून दाखवायची पोरं. म्हणे जुनी गाडी आली."

तिच्या मागून तिचा धाकटा भाऊ आला. लान्रे त्याचं नाव. पोट पुढे, हसू त्याच्याही पुढे. "जुनी कुठली, ताई? चांगली चालतेस की अजून. हॉर्न तर काय, विचारूच नका."

ही टोकुन्बो शाळेत भूगोल शिकवून नुकतीच निवृत्त झाली होती. बाप शिकायला विलायतेत असताना तिकडे जन्मली, आईच्या पाठीवर बांधून इकडे आली. फोटोंची हौस तिला पहिल्यापासून. शाळेचा रिळाचा कॅमेरा सहलीला तिच्याच गळ्यात असायचा. आता स्वतःचा घ्यायचा म्हणून गेले काही महिने ती वाचत होती, चार जणांना विचारत होती आणि चार जणांची पाच मतं ऐकून वैतागली होती.

लान्रेने एक छोटा चकचकीत चंदेरी कॅमेरा उचलला. "हा घे ताई. वीस मेगापिक्सेल. तो काळा धोंडा बघ, बारा. वीस मोठे की बारा? तू भूगोलवाली, म्हणून विचारून घेतो."

"वीसचं करू काय? तुझ्या थोबाडाचं होर्डिंग लावायचंय का चौकात?"

"लाव की. मतं मिळतील."

तिने तो चंदेरी कॅमेरा हातात घेतला, मागून पुढून पाहिला. "याला डोळा लावायची खिडकीच नाही."

"मागे एवढा मोठा पडदा आहे, त्यात बघायचं!"

"उन्हात काय दिसतं त्या पडद्यात? आपलंच नाक." तिने तो ठेवला आणि इस्त्र्यांच्या मधून मला उचललं. पदराने म्हणणार होतो, पण इकडे पदर नसतो. तिने डोक्याला बांधलेल्या कापडाचं टोक सोडून माझं भिंग पुसलं आणि डावा डोळा मिटून उजवा माझ्या खिडकीला लावला. बरेच महिने कोणी असं आत येऊन बघितलं नव्हतं.

"याला झूम नाही," लान्रे म्हणाला.

"पाय आहेत ना मला. जवळचं हवं असेल तर जवळ जाईन." मग ती मुफ्ताऊकडे वळली. "याने किती काम केलंय?"

"मॅडम, नव्या नवरीसारखा आहे."

"नवरी कितव्या लग्नाची?"

मुफ्ताऊ हसला. तिने पिशवीतून एक कोरा कागद काढला, त्याचा फोटो घेतला, डाग आहेत का ते बघितलं. मग मला कानाशी धरून कळ दाबली. पुन्हा दाबली. माझ्या पापणीच्या आवाजात एक बारीक किरकिर होती, ती तिने ऐकली. मला अगदी उघडं पडल्यासारखं झालं.

"हा काय आवाज?"

मुफ्ताऊने मान खाजवली. "आता आज शुक्रवार, नमाजाला जायचंय, खोटं कशाला बोलू? थकलाय तो. थकलाय, मेला नाहीये. मीही संध्याकाळी असाच असतो मॅडम, पण घरी पोचतो की नाही?"

"किती फोटो निघतील अजून?"

"ते वरच्याला ठाऊक. हजार निघतील, दहा निघतील. पण उधळू नका त्याला. जपून वापरलात तर साथ देईल."

"मला दोनच हवेत," टोकुन्बो म्हणाली.

लान्रेने कपाळावर हात मारला. "दोन पेले ताडीसाठी अख्खं झाड विकत घेतेय ही! हौसेला मोल नसतं म्हणतात ते हेच."

मोल मात्र मुफ्ताऊने लावलं, आणि तिने ते शाळामास्तरणीच्या चिकाटीने निम्म्यावर आणलं. चंदेरी कॅमेऱ्याला तेवढ्यात एक गिऱ्हाईक मिळालं. मी टोकुन्बोच्या पिशवीत गेलो. चांगलं भिंग आणि थकलेलं अंग, की नवं अंग आणि सुमार भिंग, यात तिने भिंग निवडलं. तिच्याजवळच्या पैशात दोन्ही बसत नव्हतं.

ते दोन फोटो कसले, हे मला घरी गेल्यावर कळलं. तिच्या आईची सगळ्यात धाकटी बहीण, केहिंदे मावशी, इसेयिन गावात राहते. तिथले विणकर सणासमारंभाचं जाड, पट्ट्यापट्ट्यांचं कापड विणतात. मावशी त्यांना सूत विकायची. केहिंदे हे नाव ऐकलं की इकडे कोणालाही कळतं की ही जुळ्यातली आहे. जुळ्यांपैकी जो आधी बाहेर येतो तो ताइवो, मागून येतो तो केहिंदे. आणि मोठा मान मागच्याचा. कारण केहिंदे आत थांबून ताइवोला सांगते, "जा गं, तू पुढे जाऊन जग कसं आहे ते चाखून ये, मग मी येते." मोठ्याने धाकट्याला कामाला पाठवायचं, तसं ते.

मावशीची ताइवो सातव्या वर्षीच गोवरात गेली. दोघींचा एकत्र फोटो नव्हता. एकीचाही नव्हता. तेव्हा इकडच्या फोटोवाल्यांची एक रीत होती. उरलेल्या लेकराला खुर्चीवर बसवायचं, एकदा फोटो काढायचा आणि तोच दोनदा शेजारी शेजारी छापायचा. झाली जोडी पुरी. आईबापांचं समाधान व्हायचं. तो फोटो मावशीच्या भिंतीवर आहे. दोन मुली, एकच झगा, दोघींची तोंडं घट्ट मिटलेली.

"दोन्हीकडे मीच आहे," मावशी म्हणायची. "तो मेला आळशी होता. मला म्हणाला, हसू नकोस. ताइवोचं तोंड कधी मिटलेलं मी पाहिलं नाही. खो खो हसायची आणि हसताना तिचा एक डोळा बारीक व्हायचा. त्या फोटोत ती कुठे आहे?"

आता मावशी विसरायला लागली होती. कालवणात दोनदा मीठ घालायची. टोकुन्बोला तिच्या मेलेल्या आईच्या नावाने हाक मारायची. गेल्या वेळी टोकुन्बो भेटायला गेली तेव्हा तिने तिचा हात धरून सांगितलं होतं, "ताइवोचं हसू आता जगात फक्त मला येतं. मी ते करून दाखवू शकते, अजून. उद्या मीच विसरले तर ती कुठून यायची? मला एकदा ताइवो म्हणून बसव आणि एकदा केहिंदे म्हणून बसव. पण त्या फोनवर नको. तो हात लांब करून धरतात, बाळाने घाण केलेलं दुपटं धरावं तसा. जो डोळा लावून बघेल त्यानेच काढायचा."

म्हणून खिडकीवाला कॅमेरा. म्हणून मी.

टोकुन्बोकडचे दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात शांत. ती रोज मला डोळ्याला लावायची. अंगणातली कोंबडी, कढईतले वडे, शेजारणीचं वाळत घातलेलं निळं कापड, सगळं माझ्यातून बघायची. बोट कळीवर ठेवायची आणि न दाबताच मला खाली घ्यायची. पहिल्यांदा मला वाटलं, तिला काही पसंत पडत नाही. मग कळलं की ती माझी पापणी राखून ठेवतेय. मारतेनने मला कुत्र्याच्या उडीवर खर्ची घातलं होतं. ही बाई बघून घेत होती आणि मला निजू देत होती. असं जपणं मला माहीतच नव्हतं.

इसेयिनला जायच्या आदल्या दिवशी लान्रेच्या सासूची सत्तरी होती. दुसऱ्या दिवशी पहाटे तिथूनच परस्पर निघायचं म्हणून टोकुन्बोने मला बरोबर घेतलं होतं. मांडव, ढोल, पाहुण्यांच्या अंगावर एकाच कापडाचे शिवलेले शंभर झगे. सासूबाई नाचायला उठल्या आणि रीतीप्रमाणे लोक पुढे येऊन त्यांच्या कपाळावर एकेक नोट चिकटवू लागले. नोटा गळून पायाशी पडत होत्या. टोकुन्बोलाही बायकांनी हात धरून ओढलं. तिने मला खुर्चीवर ठेवलं आणि ती गेली.

लान्रेने मला उचललं. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं, मित्रांनो. त्याला फक्त सासूला खूश करायचं होतं. त्याने माझी चकती फिरवली, सलग फोटोंवर आणली आणि कळ दाबून धरली. खट-खट-खट-खट-खट! त्याला तो आवाज इतका आवडला की तो मला घेऊन नाचायलाच लागला. "ऐका रे ऐका! मशीनगन!" नोटा पडत होत्या तोवर त्याने बोट उचललं नाही. लोक पैसे उधळत होते, लान्रे मला उधळत होता. माझी किरकिर वाढून खरखर झाली, पण ढोलाच्या आवाजात ती कोणाला ऐकू जाणार?

टोकुन्बो गर्दीतून धावत आली. "लान्रे! ठेव तो खाली!"

"अगं ताई, फुकट आहेत! रीळ थोडंच जळतंय?"

"ठेव म्हणते ना!"

तिचा तो वर्गातला आवाज ऐकून ढोलवाल्यांचेही हात थांबले. लान्रेने मला तिच्या हातात दिलं. तिने मला कानाशी धरलं, पण कळ दाबून बघायचं धाडस तिला झालं नाही. इसेयिनच्या वाटेवरही तिने मला मांडीवरून हलवलं नाही. लान्रे गाडी चालवत होता. एरवी त्याचं तोंड बंद व्हायचं नाव घेत नाही, पण त्या सकाळी तो नुसता रस्ता बघत होता.

मावशीने सकाळपासून चवळी शिजत घातली होती. जुळ्यांच्या नावाने शिजवायची ती चवळी, ताडाचं लाल तेल घालून. तिने नवं कापड नेसलं होतं. अंगणात भिंतीशी उन्हाची तिरीप येत होती, तिथे खुर्ची मांडलेली होती.

"आधी कोण बसणार, मावशी?" टोकुन्बोने विचारलं.

"हे काय विचारणं? आधी ताइवो. मी तिला पुढे पाठवते, मग मागून येते. रीत सोडायची नाही."

"मावशी, आधी तू बसलीस तर बरं. कॅमेरा जरा..." टोकुन्बोने मला छातीशी धरलं.

"जरा काय?"

"थकलाय."

"मग तर लवकर आटपायला हवं." मावशी खुर्चीच्या डाव्या बाजूला सरकून बसली. जुन्या फोटोत डावीकडची ताइवो म्हणायची ठरलेली होती. तिने डोक्यावरचं कापड किंचित तिरकं केलं आणि डोळे मिटले. बराच वेळ ती तशीच बसली. चवळीचं झाकण वाजत होतं. लान्रे दारात उभा होता. मला वाटलं, गेलं, विसरली बिचारी.

टोकुन्बो माझ्या खिडकीला डोळा लावून गुडघ्यावर बसली होती. तिचा श्वास मला लागत होता. मीही बघत होतो. आणि मग त्या म्हातारीच्या चेहऱ्यावर कोणीतरी आलं. मान मागे गेली, तोंड उघडलं, उरलेसुरले दात दिसले, उजवा डोळा बारीक झाला आणि सात वर्षांची पोर खो खो हसली. मी आयुष्यात इतके चेहरे पाहिले. केहिंदे मावशीला तर नुकतंच पाहिलं होतं. ही ती नव्हती. टोकुन्बोने कळ दाबली. माझी पापणी उघडली आणि मिटली, आणि फोटो झाला.

"गेली," मावशी म्हणाली आणि डोळे पुसले. "आता मी."

ती खुर्चीच्या उजव्या बाजूला सरकली. कापड सरळ केलं. तोंड मिटलं, पाठ ताठ केली, हात मांडीवर ठेवले. टोकुन्बोने पुन्हा डोळा लावला. मी सगळं बळ एकवटलं. खरंच एकवटलं, मित्रांनो. तिने कळ दाबली. माझी पापणी अर्धी उघडली आणि तिथेच अडकली. आत अंधार झाला. मागच्या पडद्यावर चूक झाल्याची खूण आली.

टोकुन्बोने मला बंद केलं, चालू केलं, बॅटरी काढली, घातली. पुन्हा तीच खूण. मग ती मातीतच बसली. "काल रात्रीच्या नाचात गेला तुझा फोटो, मावशी," ती म्हणाली, आणि लान्रेकडे बघितलंही नाही.

लान्रे खिशातून फोन काढून पुढे आला. "मावशी, मी याच्यात काढतो. चांगला निघतो. डोळा लावून काढतो हवं तर." आणि खरोखरच त्या मोठ्या माणसाने फोन डोळ्याला चिकटवला.

मावशीला हसू आलं. "बाजूला घे ते, वेड्या. एका पोटातल्या दोघी आम्ही. एकीला एका डोळ्याने बघायचं आणि दुसरीला दुसऱ्या?"

"मग मी दुसरा कॅमेरा आणते," टोकुन्बो म्हणाली. "नवा. उद्याच आणते. दोन्ही फोटो पुन्हा काढू."

"पुन्हा?" मावशीचा आवाज चढला. "इतक्या वर्षांनी पोर आली, बसली, हसली. तिला काय सांगू, परत जा आणि परत ये, लान्रेने सासूच्या नाचात घोळ घातला? मला ते पुन्हा जमेलसं वाटत नाही, बाळ. आज जमलं."

मग लान्रे हळूच म्हणाला, "पण मग तू कुठे गेलीस, मावशी? तुझा फोटो?"

"तूच सांग. तूच खेळलास ना त्या यंत्राशी?"

"आत अडकलीस बहुतेक."

मावशीने त्याच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. आणि तोंड मिटून, खांदे हलवत ती हसायला लागली. केहिंदे तशीच हसते. "अडकले? म्हणजे अजून पोटातच आहे मी. जन्मायचीच आहे. मग रडता कशाला? मागून येईन म्हणूनच तर तिला पुढे पाठवलं."

ताइवोचा फोटो इबादानला मोठा छापून, चौकट करून आणला. टोकुन्बोने तो मावशीच्या हातात दिला, तेव्हा मावशी उन्हात जाऊन उभी राहिली आणि कितीतरी वेळ बघत राहिली.

"ही मी नाही," ती शेवटी म्हणाली. "ही मी नाही गं!" आणि आळीतल्या प्रत्येक दारात जाऊन तिने तेच सांगितलं. फोटो बघून इतकं खूश झालेलं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

भिंतीवर टोकुन्बोने आधीच दोन खिळे ठोकून ठेवले होते. डाव्या खिळ्यावर ताइवो लागली. उजवा रिकामा होता. टोकुन्बो मला मुफ्ताऊकडे दुरुस्तीला नेणार होती. मुफ्ताऊने फोनवर सांगितलं की नव्या शटरच्या किमतीत असे दोन येतील, तरी आणा, बघू. मावशीने ऐकून घेतलं, मला पट्ट्याला धरून उचललं आणि उजव्या खिळ्यावर टांगलं.

"केहिंदे इथे आहे," ती म्हणाली. "याला उघडायचं नाही."

टोकुन्बोने पुढे दुसरा कॅमेरा घेतला. खिडकीवालाच, माझ्यासारखाच समुद्रापलीकडचा. तिच्या नावाने बाजारात ओरडलं की ती अजून वळते. लान्रे आला की आधी माझ्यासमोर उभा राहतो आणि खाली मान घालून काहीतरी पुटपुटतो. मावशीने त्याला माफ केलं, मीही केलंय. त्याला ते पटत नाही.

तर मुलांनो, माझं एवढंच मागणं आहे. तुमच्या घरी कॅमेरा असो, फोन असो, नाहीतर साधी पेन्सिल असो, फुकट आहे म्हणून उधळू नका. आधी डोळा लावून नीट बघा. कधी बघणंच पुरतं. आणि काढलेला फोटो अंधाऱ्या डबीत कोंडू नका, भिंतीवर लावा, येता-जाता त्याच्याकडे बघा. आम्ही थकतो ते तुम्हाला काहीतरी दिसावं म्हणून.

मावशी आता खूप विसरते. परवा टोकुन्बोला तिने फोटोकडे बोट करून विचारलं, "ही कोण?"

"ताइवो."

"आणि मी?"

"तू केहिंदे."

"हां. म्हणजे मी मोठी," ती म्हणाली आणि समाधानाने मान हलवली.

बाकी सगळं विसरली तरी सकाळी फडकं घेऊन भिंतीशी यायचं ती विसरत नाही. आधी ताइवोची काच पुसते. "पुढे काय आहे ते नीट बघून ठेव गं," तिला सांगते, "मी आलेच मागून." मग माझ्याकडे वळते, माझ्या भिंगावरची धूळ टिपते आणि माझ्या थकलेल्या पोटावर हलकेच हात ठेवते.

"तू मात्र घाई करू नकोस हं," ती मला म्हणते.

मी कसली घाई करतोय.